झाकण लावून काढलेलं चित्र

१

रोज सकाळी प्रयोगशाळेतलं पहिलं काम ठरलेलं असे. कॅमेऱ्यावर झाकण लावायचं, दिवे घालवायचे, सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवरून एक चित्र काढायचं. कशाचं? कशाचंच नाही. निव्वळ अंधाराचं.

ऐकणाऱ्याला हा खुळेपणा वाटेल, पण त्यामागे हिशेब होता. मिट्ट काळोखातही कॅमेऱ्याला थोडा खोटा उजेड भासतो. तो आधी टिपून घ्यायचा आणि नंतरच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचा, म्हणजे चित्र स्वच्छ उरतं. अंधाराच्या चित्रात जिथं डाग असेल तिथून तेवढं वजा होतं. जिथं ते निखळ काळं असेल तिथून काहीच जात नाही, कारण शून्य वजा करून काय जाणार? दुसरीतल्या पोरालाही कळेल असं गणित. पण डॉ. निरंजन मोहरीलच्या मते त्याच्या हाताखालच्या एकालाही ते धड कळत नव्हतं.

हा निरंजन मूळचा रायपूरचाच, तात्यापाऱ्यातला. घराणं भोसल्यांच्या वेळेपासून इथलं. बरीच वर्षं बंगळुरात काढून तो परत आला ते नाकानं कांदे सोलतच. गावची मराठी त्याला अडाणी वाटे, गावची हिंदी त्याहून. बीरगांवच्या पुढे, गिरण्यांच्या धुराड्यांशेजारी, धर्मपाल नावाच्या मालकानं उपग्रहाची कंपनी काढली आणि निरंजनला मुख्य रचनाकार नेमलं. हा मालकालाही मनातून भुसारी दुकानदारच समजत असे.

त्यांच्या उपग्रहाचं नाव 'धरित्री'. माणसाचा डोळा तीन रंगांवर भागवतो, धरित्रीचा कॅमेरा रंगाच्या दोनशेहून जास्त पट्ट्या वेगळ्या ओळखे. कुठला साल वृक्ष आतून वाळतोय, कुठल्या धानाच्या शेतावर काजळी बसलीय, खारून नदीच्या पाण्यात काय मिसळलंय, हे तो आकाशातून सांगणार होता. कल्पना उत्तम आणि रचना त्याहून उत्तम, हे निरंजनच्या शत्रूलाही मान्य करावं लागलं असतं. शत्रूंची त्याला वाण नव्हती.

हाताखालची पोरं एकदोनदा वजाबाकी करायला विसरली, तेव्हा त्यानं ते बटणच काढून टाकलं. आता वजाबाकी आपोआप होई. अंधाराचं चित्र पडद्यावर दिसेनासं केलं. चूक वाटली म्हणून मागं घ्यायची सोयही बंद केली. "मूर्खांच्या हाती जितकं कमी तितकं बरं," तो म्हणाला, आणि हे त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं.

झाकण लावायचं काम शिपाई भैय्यालालकडे होतं. तो दातांना तंबाखूची गुडाखू घासून येई आणि त्याच्याबरोबर तो गोडसर, जळका वास खोलीत शिरे. झाकण लागलं की 'टक्' असा आवाज होई. मग भैय्यालाल कॅमेऱ्यासमोर उभा राही, हात जोडी, आणि दिवा घालवून बाहेर येई. दुकानाचं शटर उघडल्यावर माणसं करतात तसा तो नमस्कार. निरंजन त्याला म्हणे, "अरे, तो डोळा आहे, देव नाही." भैय्यालाल म्हणे, "हव साहब," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात जोडी. कधी कधी तो अजून आतच असे आणि बाहेर कुणीतरी घाईनं चित्र काढून मोकळं होई. निरंजनची माणसं होती ती, घाईतच असायची.

२

"सर, एक बार देखो ना," स्नेहल म्हणाली. "डार्कमध्ये काहीतरी दिसून राहिलं."

अंधाराच्या चित्राला प्रयोगशाळेत 'डार्क' म्हणत. स्नेहल त्याची कनिष्ठ इंजिनियर. बाप रेल्वेत, घर रेल्वेच्या कॉलनीत, बोलणं अर्धं हिंदी. तेवढ्यानंच निरंजनच्या लेखी तिची किंमत ठरलेली.

"डार्क तुला दिसतं कसं? मी ते बंद केलंय."

"फाइल तर राहतेच ना सर. मी ती उघडली."

"कुणाला विचारून?"

उत्तराऐवजी तिनं चित्रच समोर ठेवलं. सगळा काळोख, आणि मधोमध धुरकट, उभट डाग. निरंजननं एक नजर टाकली. "उजेड झिरपतोय. दाराच्या फटीला काळी टेप लाव. हे सांगायला मी बंगळूरहून यायचं का?"

"टेप लावली सर. परवाच. आणि फटीतून येता तर ट्यूबलाइटचा रंग आला असता." तिनं डागाचा आलेख काढून दाखवला. हिरव्याच्या आसपास दोन खळगे होते, पुढे न दिसणाऱ्या उजेडात आणखी एक. "हे दोन रक्ताचे. हा पाण्याचा. पानाचा नाही, मातीचा नाही. हे कातडं आहे सर, जिवंत माणसाचं. झाकणाच्या बाहेरचं."

"झाकणाच्या बाहेरचं," निरंजननं चावून चावून म्हटलं. "आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. छान. स्नेहल, तू आधी बारावीचं भौतिक पुन्हा वाच. कुणाचा तरी हात लागला असेल भिंगाला, त्याचा तेलकट डाग आहे तो."

तेलाच्या डागाला रक्ताचे खळगे पडत नाहीत, हे त्याला तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. पण समोरच्याचं बरोबर आहे असं म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती, आणि सवय नसलेलं काम जीभ सहसा करत नाही.

ती जेवायला गेल्यावर मात्र त्यानं ते चित्र पुन्हा उघडलं. मागच्या आठवड्यापासूनची सगळी काढली आणि एकापुढे एक लावली. डाग दर दिवशी थोडा ठळक होत गेला होता. वर निमुळता, खाली रुंद. आणि छातीच्या उंचीवर एकमेकांना टेकलेले दोन उजळ तुकडे, बोटं वर केलेले.

निरंजननं खिडकी बंद केली आणि चहा मागवला. चहा भैय्यालालनं आणून ठेवला. निरंजननं वर पाहिलं नाही.

३

त्याच आठवड्यात गच्चीवर चाचणी झाली. कॅमेरा बीरगांवच्या दिशेनं लावला. चाचणीची एक रीत असते. चित्रात कुठंतरी शुभ्र पांढरी पाटी धरायची, म्हणजे बाकीचे रंग तिच्याशी ताडून घेता येतात. पाटी धरायला भैय्यालाल. ऊन मी म्हणत होतं, आणि तो पाण्याच्या टाकीपुढे पाटी छातीशी धरून उभा होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

चित्र आलं. धुराडी होती, धूर होता, पत्र्याची घरं, कडुनिंबाची झाडं, सगळं सुईच्या टोकाइतकं स्पष्ट. पांढरी पाटीही होती. ती हवेत उभी होती.

पोरं हसली. निरंजनही हसला, जे क्वचितच घडे. "कॅमेऱ्याला रुची आहे म्हणायची. नको ते गाळलं त्यानं."

"सर," स्नेहल म्हणाली. ती हसली नव्हती.

"गणित आहे ते. अंधाराच्या चित्रात डाग होता, तो इथून वजा झाला. योगायोगानं तो डाग याच्या जागी पडला. उद्या भिंग पुसून घ्या."

"हव सर. पण वजा झालं तर काळं दिसायला पाहिजे होतं. इथं मागची टाकी दिसून राहिली."

ती म्हणत होती ते अगदी साधं होतं. वजाबाकीनं माणसाच्या जागी भोक पडेल, एक वेळ तेही मान्य. पण त्या माणसाच्या मागं काय आहे हे वजाबाकीला कुठून ठाऊक? आणि इथं टाकीवरचा गंजाचा ओघळ वरपासून खालपर्यंत दिसत होता, जणू तिच्यापुढे कुणी उभंच नव्हतं.

 अडला की निरंजन ओरडे, तसा तो ओरडला. पोरं पांगली. पाटी टाकीला टेकून ठेवलेली होती. भैय्यालाल खाली कधी गेला, ते कुणी पाहिलं नाही.

४

दुसऱ्या दिवसापासून भैय्यालाल दिसेनासा झाला. "पिऊन पडला असेल," निरंजन म्हणाला आणि विषय संपवला.

कामं मात्र अडली नाहीत. सकाळी झाकण लागलेलं असे. निरंजनला वाटे स्नेहलनं लावलं, स्नेहलला वाटे सरांनी. अकराच्या सुमारास टेबलावर चहा येई. निरंजन फायलीतून डोकं न काढता तो पिई. आजवर चहा कोण ठेवतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, तेव्हा फरक पडायचं कारण नव्हतं.

फरक पहिल्यांदा नाकाला कळला. एका सकाळी तो एकटाच अंधाऱ्या खोलीत काहीतरी शोधत होता. मागं 'टक्' झालं. तो वळला. खोलीत कुणी नव्हतं, आणि झाकण लागलेलं होतं. गुडाखूचा गोडसर, जळका वास त्याच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा घासून जावा तसा दाराकडे गेला.

निरंजननं स्वतःला बजावलं. झाकणाची स्प्रिंग ढिली आहे. वास कपड्यांना, पडद्यांना महिनोन् महिने चिकटून राहतो. गिरण्यांच्या धक्क्यानं इमारत हलते. तिन्ही कारणं चांगली होती. चांगल्या कारणांचं एक बरं असतं, ती एकापुढे एक रचली की मागचं दिसत नाही.

स्नेहल बीरगांवला भैय्यालालच्या घरी जाऊन आली. येऊन दारातच उभी राहिली.

"काय म्हणते त्याची बायको? किती बाटल्या?"

"ती म्हणते, तो रोज येतो सर." स्नेहलनं त्या बाईचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "'घर आथे, भात खाथे, थारी खाली हो जाथे. फेर दिखय नइ.' थाळी वाढून ठेवते म्हणे, रिकामी होते. खाटेवर वजन पडते. फक्त दिसत नाही. तिनं मले विचारलं सर, की ऑफिसात आम्ही त्याले पाहतो का."

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार?" तिचे डोळे भरले होते. "मी म्हटलं, हव, येतो कामाले. सर, गच्चीवरच्या दिवसापर्यंत तो होता. जो झाकणासमोर उभा राहतो तो डार्कमध्ये जातो, आणि मग चित्र काढलं की..."

"बस्स," निरंजन म्हणाला. "एवढं शिकवून, शेवटी बुद्धी गावाचीच."

त्याच्या हातात चहाचा ग्लास होता. तो गरम होता. तो कुणी आणला हे विचारायचं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं विचारलं नाही.

५

घरी निरंजनची आई विमलाबाई, बायको श्रावणी आणि सहा वर्षांची ज्ञानदा. जगातल्या सगळ्यांना तुच्छ लेखणारा हा माणूस या पोरीपुढे मात्र घोडा होई, चादरीखालचं अस्वल होई. तिच्यासाठीच तो रायपूरला परतला होता. बंगळुरात तिला बोलायला आजी नव्हती. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगायला हवं, कारण दुसरं काही सापडत नाही.

विमलाबाई नातीच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीखाली, रोज काजळाची तीट लावत. अगदी बोराएवढी. निरंजन रोज चिडे.

"आई, ती सहा वर्षांची आहे. तान्ही नाही."

"मंग काय झालं? तुले चाळीस वर्षं होईस्तोवर लावाले पाह्यजे होती, तर असा नसता झाला."

"कसा?"

"असा. सगळ्यायले पुसून टाकल्यासारखा पाहते. पोरीले नजर लागते रे. तीट लावली की तेवढी जागा तरी नजरेच्या हाती येत नाही."

श्रावणी हसली. निरंजन हसला नाही.

पुढच्या सोमवारी दिल्लीची समिती येणार होती. धरित्रीचा कॅमेरा त्यांच्या हाती सोपवायचा, आणि तो उपग्रहावर चढणार. धर्मपालच्या डोक्यातून कल्पना निघाली होती की कॅमेऱ्याचं पहिलं जाहीर चित्र अख्ख्या कंपनीचं असावं, बायकामुलांसकट. निरंजननं या कल्पनेची चारचौघांत टर उडवली आणि घरी येऊन ज्ञानदाला सांगितलं, "धरित्री पहिल्यांदा तुला पाहणार." पोरगी त्या दिवसापासून हवेत होती.

त्याआधी एकच काम उरलं होतं. वर अवकाशात रोज झाकण लावायला भैय्यालाल जाणार नव्हता. म्हणून शेवटचं एक अंधाराचं चित्र काढून ते कॅमेऱ्यातल्या चिपवर कायमचं कोरायचं होतं. एकदा कोरलं की ते बदलता येत नसे, उपग्रहाच्या शेवटच्या चित्रापर्यंत तेच वजा होणार. बदलायची सोय निरंजननंच ठेवली नव्हती. कारण ठाऊक आहेच, मूर्खांच्या हाती जितकं कमी तितकं बरं.

"सर, दोन दिवस थांबू," स्नेहल शनिवारी म्हणाली. "आधी तो डाग काय आहे ते पाहू."

"तू पंडरीच्या कापडबाजारात जा," निरंजन म्हणाला. "समारंभाला मागं लावायला काळं कापड लागेल. चांगलं बघून आण. तेवढं तरी जमेल."

इंजिनियर पोरगी कापड आणायला गेली. दुपारी श्रावणी ज्ञानदाला घेऊन आली. शाळा अर्धी होती आणि तिला गोल बाजारात पाहुण्यांना द्यायची भांडी घ्यायची होती. "तासभर बघाल का हिच्याकडे?" म्हणून ती गेली.

निरंजन घाईत होता. बाहेर तारांचा पसारा पडलेला, पोरगी पाय अडकवून पडेल, म्हणून त्यानं तिला अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसवलं. दार ओढायच्या आधी दिवा घालवला.

"बाबा, मले भीती वाटते."

"मला. 'मले' नाही. दोन मिनिटं फक्त. हलू नको."

"बाबा, हा पाहून राहिला."

"कोण?"

"हा." तिनं कॅमेऱ्याकडे बोट केलं असावं, अंधारात दिसलं नाही. "याचा डोळा."

"त्यावर झाकण आहे, बाळा."

"हव. तरी पाहून राहिला."

खोलीत कुणी असता कामा नये हा नियम त्याचाच होता. पण नियम मूर्खांसाठी असतात, आणि झाकण बंद असताना समोर पोर असलं काय, नसलं काय, फरक पडणारच नाही, हे भौतिक त्याला पाठ होतं. त्याला दुसरी शंका चाटूनही गेली नाही असं नाही. तिच्याकडे लक्ष देणं म्हणजे स्नेहलचं खरं मानणं, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. तो बाहेर आला आणि त्यानं बटण दाबलं. चिप कोरली गेल्याचा हिरवा दिवा लागला. चित्र पडद्यावर आलं नाही, कारण ते येऊ नये अशी व्यवस्था होती.

दार उघडल्यावर ज्ञानदा स्टुलावर तशीच बसलेली होती, हात मांडीवर ठेवून. त्यानं तिला उचललं, तिचा वास घेतला. काजळाचा, खोबरेल तेलाचा, आणि कुठून तरी आलेला गुडाखूचा.

६

सोमवारी सकाळी स्नेहलनं त्याला जिन्यातच गाठलं. तिनं रात्रीची झोप घेतलेली दिसत नव्हती.

"सर, शनिवारचं डार्क मी उघडलं."

"पुन्हा?"

"या वेळेस डाग लहान आहे. खाली आहे, बसलेल्यासारखा. कातडंच आहे, पण एकदम कोवळं. आणि वरच्या बाजूले एक ठिपका आहे, पूर्ण काळा. तिथं काहीच नाही, शून्य. सपाट, काजळीसारखा. त्या खोलीत कोण होतं सर?"

निरंजनला शनिवारचं स्टूल आठवलं. क्षणभरच. त्यानं वर पाहिलं तर जिन्यावरून धर्मपाल दिल्लीच्या अध्यक्षांना घेऊन येत होता.

"रायपुरात काजळी कुठं नाही?" तो म्हणाला. "गिरणीची धूळ बसलीय भिंगावर."

"आज चित्र नका काढू सर. हात जोडते."

"हात जोडायची फार सवय लागलीय इथं सगळ्यांना," तो म्हणाला आणि खाली गेला.

खाली गाडीतून श्रावणी आणि ज्ञानदा उतरल्या. पोरगी निळ्या परकरात, वेण्यांना रिबिनी. डाव्या गालावर तीट, नेहमीपेक्षाही ठळक. दिल्लीची माणसं बघणार, फोटो छापून येणार, आणि मुख्य रचनाकाराची मुलगी अशी! त्यानं खिशातून रुमाल काढला, तिची हनुवटी धरली.

"आजीनं सांगितलं, पुसू नको म्हणून."

"आजीला काय कळतं?" त्यानं गाल खसाखसा पुसला. ठिपक्याच्या जागी कातडं लाल झालं. रुमालाला काळं लागलं. तो त्यानं घडी करून खिशात ठेवला.

७

सभागृहात पंडरीचं काळं कापड मागं लावलेलं होतं, आणि मान्य करायला हवं, कापड चांगलं होतं. त्यापुढे सगळे ओळीनं उभे राहिले. मधोमध निरंजन, पलीकडे श्रावणी, दोघांच्या मध्ये ज्ञानदा. त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर. डाव्या हातात कळ. अध्यक्ष समोर खुर्चीत होते, त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा. कॅमेऱ्याजवळ स्नेहल उभी होती, दोन्ही तळवे तोंडावर घेऊन.

"हसा सगळे," धर्मपाल ओरडला. "धरित्री देख रही है!"

निरंजननं कळ दाबली.

पडद्यावर चित्र उमटलं आणि टाळ्या पडल्या. काय स्पष्टपणा! श्रावणीच्या साडीचा प्रत्येक धागा वेगळा. मागच्या कापडाच्या चुण्या मोजून घ्याव्यात. निरंजन स्वतः दिसत होता, ताठ, विजयी, आणि त्याचा उजवा हात पुढे हवेत टेकलेला. हाताखाली कापडाच्या चुण्या सरळ खाली उतरत होत्या, कुठेही न अडता.

त्या हातापासून वीतभर अंतरावर हवेत कसलासा तुकडा तरंगत होता. बोराएवढा. गुलाबी, नुकताच घासल्यासारखा लाल.

बाकीच्यांना तो चित्रातला दोष वाटला असेल, किंवा दिसलाही नसेल. निरंजनला दोनशे पट्ट्यांची गरज पडली नाही. अंधाराच्या चित्रात जिथं निखळ काळं असतं, तिथून काहीच वजा होत नाही. दुसरीतल्या पोरालाही कळेल असं गणित.

तळव्याखाली खांदा होता. उबदार. श्वासाबरोबर वर-खाली होणारा. निरंजनची मान खाली वळेना. पाहिलं नाही तोवर काही सिद्ध होत नाही, एवढाच एक विचार त्याच्या त्या नावाजलेल्या डोक्यात उरला होता.

"अहो," शेजारून श्रावणी म्हणाली. "ज्ञानदा कुठं गेली? आत्ता तर इथंच होती."

"बाबा," खालून आवाज आला. "मी काहून नाही दिसून राहिली?"

"इथंच आहे," निरंजन म्हणाला, कुणाला ते कुणालाच कळलं नाही. "इथंच आहे ती. मले... माझ्या हाताखाली आहे." त्यानं खांदा घट्ट धरला. हा हात उचलायचा नाही. काही झालं तरी उचलायचा नाही.

"डॉक्टर मोहरील!" दिल्लीचे अध्यक्ष उठून थेट त्याच्यापुढे आले होते. "अद्भुत. मैंने ऐसी तस्वीर आज तक नहीं देखी." आणि त्यांनी हात पुढे केला.

या एका हातासाठी निरंजन पंधरा वर्षं तडफडला होता. बंगळुरात तो त्याला कुणी दिला नव्हता. लायकी नसलेल्यांना मिळाला तेव्हा तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. माणसाचा हात मनाआधी धावतो. उजवा हात उठला, पुढे गेला, आणि अध्यक्षांचा हात त्यानं जोरानं हलवला.

मग तो हात परत आला. होता त्याच जागी, त्याच उंचीवर. तिथं काही नव्हतं. तो थोडा खाली गेला, थोडा पुढे, थोडा श्रावणीकडे. बोटं उघडली, मिटली.

"ज्ञानदा?" श्रावणीचा आवाज चढला. "अगं, कुठं लपलीस?"

"बाळा, हलू नको म्हटलं होतं ना," निरंजन पुटपुटला. "हलू नको. कुठं हायेस तू? बोल ना गं." टाळ्या चालूच होत्या. त्या गलक्यात लहान आवाज कुठून ऐकू येणार? तो वाकला, दोन्ही हातांनी हवा चाचपू लागला. लोकांना वाटलं, साहेबांचं काहीतरी खाली पडलं.

"अरे, चक्कर आ गया लगता है," धर्मपाल म्हणाला. "कोई कुर्सी दो साहब को!"

ओळीतलं कुणीही जागचं हललं नाही. पण मागच्या काळ्या कापडापाशी पाय घासल्यासारखा आवाज झाला, गुडाखूचा वास जवळ आला, आणि एक खुर्ची मागून येऊन निरंजनच्या गुडघ्यांना हलकेच लागली.  तो तिच्यात बसला. खुर्ची कुणी आणली ते बघायला त्यानं मान वळवली नाही. ती त्यानं कधीच वळवली नव्हती.